कपाळावरच्या आठ्या आणि हकीम राझी

वाचकहो, आपल्या घरात सहज वापरले जाणारे काही शब्द फार लांबचा प्रवास करून आलेले असतात. 'लकवा' हा त्यांपैकीच एक. कोणाचा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागला, तोंड वाकडे झाले, की आपण सरसकट लकवा म्हणून मोकळे होतो. मूळ अरबीत मात्र या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. तेथे लकवा म्हणजे फक्त चेहरा एका बाजूला वाकडा होणे. हातपाय लुळे पडण्याला फालिज हा वेगळा शब्द आहे, आणि तो उर्दूतही चालतो. आयुर्वेदानेही चेहऱ्याच्या विकाराला अर्दित आणि अर्धे अंग जाण्याला पक्षाघात अशी दोन निराळी नावे दिली आहेत. म्हणजे जुन्या लोकांनी जे वेगळे ठेवले होते, ते आपण एकत्र कालवून टाकले. ही कालवाकालव प्रसंगी किती महागात पडू शकते, हे समजून घ्यायचे असेल तर अकराशे वर्षांपूर्वीच्या एका हकिमाचे चरित्र माहीत असले पाहिजे. त्यांचे नाव अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी.

चरित्राकडे वळण्यापूर्वी आपल्या भागाविषयी दोन शब्द सांगतो. आपण भंडारदऱ्याच्या परिसरातली माणसे. पावसाळ्यात कळसूबाई आणि रतनगडाकडून येणारा वारा धरणाच्या पाण्यावरून असा काही येतो, की शेंडीच्या रस्त्यावर छत्री उघडी धरणे हा शुद्ध वेडेपणा ठरतो. हिवाळ्यात पहाटेची थंडी हाडात शिरते. अशा मुलखात कोणी सकाळी उठला आणि आरशात पाहतो तो तोंड वाकडे, डोळा मिटत नाही, चूळ भरली तर पाणी एका कोपऱ्यातून गळते, तर लोक एकच निदान करतात : वारं गेलं. या दोन शब्दांनी सगळ्यांचे समाधान होते. मग कानाला मफलर, गालाला गरम तेल, कोणी दोरा बांधतो, कोणी जंगली कबुतर शोधायला जातो. यात आठवडा निघून जातो. औषधाचा खरा काळ पहिल्या तीन दिवसांचा असतो, आणि तो या धावपळीत हातचा जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगी अशीच पंधरा दिवस शाळेत आली नाही. आली ती ओढणीने अर्धा चेहरा झाकून. प्रश्न विचारला तर उभी राहीना, कारण बोलताना ओठ एकाच बाजूला जात. मुले हसली. मुलांना मी काय बोललो ते येथे सांगण्याजोगे नाही. परंतु त्या मुलीचा उघडा राहिलेला लालभडक डोळा पाहून मला त्या हसण्यापेक्षा अधिक भीती वाटली. या विषयावर वाचन सुरू केले ते तेव्हापासून, आणि वाचता वाचता हकीम राझी भेटले.

राझी म्हणजे रय या गावचा राहणारा. आपण संगमनेरकर किंवा नाशिककर म्हणतो ना, तसेच. रय हे इराणातील प्राचीन शहर. आजचे तेहरान त्याच्या अगदी लगत वसले आहे. तेथे इ. स. ८६५ मध्ये, म्हणजे हिजरी २५१ मध्ये, त्यांचा जन्म झाला. ही माहिती आपल्याला ज्यांच्याकडून मिळते त्यांचे नाव ऐकून विद्यार्थ्यांना आनंद होईल. ते म्हणजे अल्-बिरुनी, हिंदुस्थानावर थोर ग्रंथ लिहिणारे. बिरुनींनी राझींच्या ग्रंथांची एक सविस्तर यादी तयार केली, आणि त्या यादीत दीडशेहून अधिक ग्रंथांची व निबंधांची नावे आहेत.

पालकहो, राझी काही लहानपणापासून हकीम होण्याचे ठरवून बसले नव्हते. तरुणपणी त्यांना गाण्याचा आणि तंतुवाद्य वाजवण्याचा नाद होता, असे चरित्रकार सांगतात. पुढे किमयेचा, म्हणजे त्या काळच्या रसायनविद्येचा, छंद लागला. भट्टी, धूर, काचेची पात्रे आणि तीव्र वासाचे पदार्थ यांत त्यांनी कितीतरी वेळ घालवला, आणि त्या धुराने डोळ्यांना इजा झाली असेही म्हणतात. वैद्यकाकडे ते वळले ते वयाने चांगले मोठे झाल्यावर. दहावीत मुलाला विज्ञानात कमी गुण पडले म्हणून घरात सुतक पाळणाऱ्या पालकांनी ही गोष्ट जरा लक्षात घ्यावी.

एकदा वैद्यक हाती घेतल्यावर मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. रयच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि पुढे बगदादच्या रुग्णालयाचेही. बगदाद तेव्हा जगातील विद्येचे मोठे केंद्र होते. ग्रीक, सुर्यानी आणि संस्कृत ग्रंथांची भाषांतरे तेथे झाली होती. आपल्या चरक-सुश्रुतांचे ज्ञानही तेथे पोहोचले होते आणि राझींच्या लिखाणात त्याचे उल्लेख सापडतात.

त्यांच्या बगदादच्या वास्तव्याविषयी एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहरात निरनिराळ्या ठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा नासले ती जागा पसंत केली, अशी ती गोष्ट. गोष्ट सुंदर आहे, पण जशी सांगतात तशी ती घडणे कठीण. ती ज्या अदुदी रुग्णालयाच्या नावाने सांगितली जाते, ते उभे राहिले इ. स. ९८२ च्या सुमारास, आणि राझी तर त्यापूर्वी अर्ध्या शतकाहून अधिक काळ आधी वारले होते. थोर माणसाच्या नावावर लोक चांगल्या गोष्टी जमा करतात, त्यातलाच हा प्रकार. राझींचे खरे कार्य इतके मोठे आहे की त्यांना उसन्या गोष्टींची गरज नाही.

त्यांची शिकवण्याची पद्धत पाहा. आम्हा शिक्षकांनी तर ती विशेष पाहावी. राझी मध्यभागी बसत. त्यांच्याभोवती शिष्यांचे एक कडे, त्याबाहेर शिष्यांच्या शिष्यांचे दुसरे कडे. रुग्ण आला की प्रथम बाहेरच्या कड्याला आपली व्यथा सांगे. त्यांना उलगडा झाला तर ठीक, नाहीतर प्रश्न आतल्या कड्याकडे जाई. तेथेही उत्तर मिळाले नाही तरच राझी बोलत. म्हणजे नवशिक्याला प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याची संधी पहिली, आणि गुरूचे बोलणे सर्वांत शेवटी! इब्न अल्-नदीम या ग्रंथसूचीकाराने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. राझी गोरगरिबांशी फार दयाळूपणे वागत, त्यांना औषधच नव्हे तर अन्नपैशाचीही मदत करीत, आणि त्यांना भेटायला जावे तेव्हा ते काहीतरी उतरवून घेतानाच दिसत, असेही तो सांगतो.

हे उतरवून घेणे हाच राझींच्या आयुष्याचा गाभा आहे. एखाद्या आजाराविषयी जालिनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, काय म्हणतो, बुकरात म्हणजे हिपोक्रॅटिस काय म्हणतो, हिंदुस्थानी वैद्य काय म्हणतात, ते सर्व ते टिपून ठेवत, आणि शेवटी स्वतः रुग्णात काय पाहिले ते लिहीत. पुस्तकातले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळले नाही तर ते डोळ्यांवर विश्वास ठेवत. जालिनूसला गुरू मानूनही त्याच्या चुका दाखवणारा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिला. देवी आणि गोवर या दोन आजारांत तेव्हा फारसा फरक करीत नसत. राझींनी त्यांच्यावर वेगळे पुस्तक लिहिले आणि रुग्णाला ताप कसा येतो, पाठ कशी दुखते, पुरळ कसे उठते याचे बारकाईने वर्णन करून दोन्ही वेगळे ओळखायला शिकवले. ते पुस्तक पुढे युरोपात अनेक वेळा भाषांतरित झाले. मेंदूज्वरासारख्या एका आजारात रक्त काढल्याने खरोखर गुण येतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, आणि दोन्हींची तुलना केली. आज नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ज्या तऱ्हेच्या तौलनिक चाचण्या घेतात, त्यांच्या मुळाशी असलेला विचार तो हाच.

आता लकव्याकडे येऊ. राझींच्या पूर्वीही ग्रीक वैद्यांनी वाकड्या तोंडाचा उल्लेख केला होता, परंतु त्यात गोंधळ होता. तोंड वाकडे दिसते ते एका बाजूचे स्नायू आखडल्यामुळे, की दुसऱ्या बाजूचे सैल पडल्यामुळे? पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. विद्यार्थी मित्रांनो, रस्सीखेचीची कल्पना करा. दोर डावीकडे सरकला, याचा अर्थ डाव्या संघाने जोर वाढवला असा असेल किंवा उजव्या संघाने हात सोडले असाही असेल. राझींनी आखडणे आणि सैल पडणे हे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले. दुसरी गोष्ट, दोष मेंदूतच आहे की मेंदूतून बाहेर पडलेल्या मज्जातंतूत आहे, हाही भेद त्यांनी ओळखला. तिसरी गोष्ट, कधी कधी चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडतात, याची आज माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद त्यांची आहे. दोन्ही बाजू गेल्यावर चेहरा वाकडा दिसतच नाही, त्यामुळे अशा वेळी रोग ओळखायला फार तयार नजर लागते. आणि चौथी गोष्ट कपाळाची. लकवा झालेल्या बाजूला कपाळावर आठ्या पडत नाहीत, ही खूण त्यांनी लिहून ठेवली. तीही आजपर्यंत सापडलेल्या नोंदींतील सर्वांत पहिली.

वाचकहो, कपाळावरच्या आठीत एवढे काय आहे, असे आपणास वाटेल. खरे तर सारे काही तेथेच आहे.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे स्नायू हलवणारा एक मज्जातंतू असतो. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी तो सातवा. कानाजवळच्या हाडातून एका अरुंद, वळणावळणाच्या नळीतून तो बाहेर येतो आणि कानापुढे चेहऱ्यावर फांद्यांसारखा पसरतो. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे कालव्याच्या भाषेत चटकन समजेल. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेतून खाली जाते आणि पुढे डाव्या व उजव्या कालव्यांत वाटले जाते. असे समजा की एका शेताला दोन्ही कालव्यांचे पाणी मिळण्याची सोय आहे आणि शेजारच्या शेताला फक्त एकाच कालव्याचे. एक कालवा फुटला तर दुसरे शेत सुकेल, पहिले तगून राहील. कपाळ हे पहिल्या शेतासारखे आहे. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही अर्ध्या भागांकडून त्याला हुकूम मिळतो. गालाच्या खालच्या भागाला आणि ओठाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या एकाच अर्ध्या भागाकडून मिळतो. म्हणून मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ओठ वाकडा होतो, पण रुग्णाला भुवया वर करायला सांगितल्या तर कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडतात. याउलट कानामागे तो मज्जातंतूच सुजला, म्हणजे शेताच्या तोंडाशी असलेली चारीच तुंबली, तर दोन्ही कालवे भरून वाहत असले तरी उपयोग नाही. मग कपाळही गुळगुळीत राहते, डोळाही मिटत नाही आणि ओठही लोंबतो.

अर्थात कालव्याचे हे गणित राझींना माहीत नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे शरीरातील थंड आणि ओल्या रसांचा जोर झाल्याने लकवा होतो, असेच तेव्हाचे वैद्य मानत. आपल्याकडच्या वाताच्या कल्पनेचा हा चुलतभाऊच म्हणा. त्यावरचे त्यांचे उपाय आज कोणी करू नयेत. कारण सांगताना त्या काळाची मर्यादा आड आली. परंतु जे पाहिले ते त्यांनी इतके नेमके पाहिले, की आजही डॉक्टर तोंड वाकडे झालेला रुग्ण समोर आला की प्रथम त्याला भुवया वर करायला सांगतात.

या आजाराला आज बेल्स पाल्सी म्हणतात. हे बेल कोण? सर चार्ल्स बेल हे १७७४ साली एडिंबरो येथे जन्मलेले स्कॉटिश शल्यवैद्य. चित्रकला त्यांना उत्तम येत असे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर ते ब्रुसेल्सला धावून गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांच्या जखमांची चित्रे काढली. १८२१ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि चेहऱ्याची हालचाल या विशिष्ट मज्जातंतूवर अवलंबून असते हे दाखवले. गंमत अशी की त्यांनी या मज्जातंतूची गणना श्वसनाच्या मज्जातंतूंत केली होती. आपल्या 'वारं गेलं' पासून तेही फार दूर नव्हते म्हणायचे! बेल यांच्या आधी १७९८ साली निकोलाउस फ्रीड्राइख या जर्मन वैद्यानेही अशा रुग्णांचे वर्णन केले होते. आजाराला नाव बेल यांचे मिळाले, आणि शरीररचनेचा आधार त्यांनी दिला म्हणून ते योग्यही आहे. राझींची वर्णने अलीकडच्या काळात, २०११ साली, मज्जाविकारांच्या एका नामांकित नियतकालिकात सविस्तर मांडली गेली, तेव्हा कोठे पुष्कळ डॉक्टरांना ती समजली.

आता मुख्य प्रश्न. हा मज्जातंतू एकाएकी का सुजतो? पुष्कळदा याचे नेमके कारण रुग्णाला सांगता येत नाही. ओठावर ताप उतरल्याचे फोड उठवणारा जो विषाणू आपल्यापैकी कित्येकांच्या शरीरात वर्षानुवर्षे झोपून असतो, तो जागा होऊन ही सूज आणतो, असा दाट संशय आहे. जपानी डॉक्टरांना १९९६ साली अशा रुग्णांच्या मज्जातंतूभोवतीच्या द्रवात त्याचा माग सापडला. मज्जातंतू सुजतो, पण हाडाची नळी काही रबराची नाही. तो आतल्या आत आवळला जातो आणि हुकूम पुढे जाईनासा होतो. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण पंधरा ते तीस जणांना हा आजार होतो. मधुमेही माणसांना आणि गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्रियांना धोका जरा जास्त. गार वारा लागल्याने तो होतो असे जगभर लोक मानतात, पण त्याचा पुरावा नाही. आपल्या भंडारदऱ्याच्या वाऱ्यावर निष्कारण आळ आला आहे.

आजार एक-दोन दिवसांत पूर्ण जोर धरतो. कानामागे दुखते, जिभेच्या पुढच्या भागाची चव जाते, त्या बाजूच्या कानाला आवाज मोठे वाटतात. घास गालात अडकतो. माणूस घाबरतो, आणि घाबरण्यासारखेच ते आहे. पण यात दिलासा देणारी गोष्ट मोठी आहे. डेन्मार्कमध्ये पंचवीस वर्षे अशा रुग्णांची नोंद ठेवली गेली. औषध न घेताही शंभरांतील सुमारे सत्तर जण पूर्ण बरे झाले. मुलांत तर हे प्रमाण आणखी चांगले असते. दोरा आणि कबुतर यांना यश कसे मिळते, ते आता आपल्या ध्यानात आले असेल! शंभरांतले सत्तर आपोआप बरे होतात आणि श्रेय दोऱ्याला जाते. उरलेल्या तिसांचे काय झाले हे विचारायला कोणी जात नाही. जाणत्या वैद्याला सोडून लोक भोंदूकडे का जातात, हा प्रश्न राझींनाही सतावत होता आणि त्यांनी त्यावरही लिहिले आहे.

त्या तिसांसाठीच डॉक्टरकडे जायचे. बेल यांच्याच स्कॉटलंडमध्ये एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तोंड वाकडे झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत ज्यांना प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड दिले, त्यांच्यापैकी नऊ महिन्यांनी शंभरांत चौऱ्याण्णव पूर्ण बरे झाले होते. ज्यांना दिले नाही त्यांच्यातले ब्याऐंशी. शंभरांमागे बारा चेहरे, म्हणजे आमच्या शाळेच्या हिशेबाने प्रत्येक वर्गात पाच-सहा मुले झाली. हे औषध दहा दिवसांचे असते आणि महागही नसते. परंतु ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायचे, कारण त्याने मधुमेह्याची साखर वाढते आणि इतरही पथ्ये पाळावी लागतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणू नका.

डोळ्याची काळजी हा अर्धा इलाज आहे. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, धूळ बसते, बुबुळावर जखम होते आणि कायमची दृष्टीही जाऊ शकते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत आणि बाहेर पडताना चष्मा लावावा. रात्री मलम घालून पापणी हळुवार मिटवून, वर चिकटपट्टी कशी लावायची ते दवाखान्यात दाखवून घ्यावे. त्या मुलीला हे कोणी वेळेवर सांगितले असते तर तिचा डोळा तसा लाल झाला नसता. सुदैवाने तो वाचला, आणि चेहराही पुढे तीन महिन्यांत सरळ झाला.

पालकहो, येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. कपाळाच्या आठ्यांची खूण आपण समजून घेतली ती ज्ञान म्हणून. तिच्यावरून घरच्या घरी निकाल देऊ नका. तोंड वाकडे झालेल्या माणसाचा हात किंवा पाय लुळा पडत असेल, बोबडे बोलत असेल, शुद्ध हरपत असेल, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आपल्या डोंगरी भागातून राजूर, अकोले, संगमनेर किंवा घोटीमार्गे नाशिक गाठायला यातला किती वेळ जातो ते आपण जाणताच. तशी लक्षणे नसली तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कानात फोड असतील, दोन्ही बाजू गेल्या असतील, अंगावर बधिर चट्टा असेल, तर तेही सांगावे. कानातल्या नागिणीने आणि कुष्ठरोगानेही हा मज्जातंतू बिघडतो, आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. तीन आठवड्यांत काहीच हालचाल परतली नाही तर पुन्हा दाखवावे.

डॉक्टर जवळ नसलेल्या माणसाचा विचार राझींनी केला होता, हे वाचून मला या माणसाविषयी आपलेपणा वाटला. ज्याच्यापाशी वैद्य येऊ शकत नाही अशासाठी, हेच नाव देऊन त्यांनी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. सर्वत्र सहज मिळणाऱ्या वस्तूंनी काय करता येईल ते त्यात सांगितले. रयच्या सुभेदारासाठी मन्सूरी नावाचा मोठा ग्रंथ लिहिणारा हकीम वाटसरू आणि गरीब यांच्यासाठीही लेखणी उचलतो, हे त्या काळात काय किंवा आज काय, थोडेच.

त्या लेखणीने त्यांच्याकडून जबर किंमत वसूल केली. आपल्या आयुष्यक्रमाचे समर्थन करणाऱ्या एका निबंधात ते सांगतात की एकाच वर्षात त्यांनी ताइतावर लिहितात तशा बारीक अक्षरात वीस हजारांहून अधिक पाने लिहिली, आणि एका मोठ्या संग्रहासाठी पंधरा वर्षे रात्रंदिवस खपले. शेवटी नजर अधू झाली आणि हाताचा स्नायू निकामी झाला. तरीही ते थांबले नाहीत. दुसऱ्यांकडून वाचून घेत, दुसऱ्यांकडून लिहून घेत. लोकांच्या सैल पडलेल्या स्नायूंचा अभ्यास करणाऱ्याचा स्वतःचाच हात असा गेला.

अखेरच्या काळात मोतीबिंदूने ते पूर्ण अंध झाले. कोणी शस्त्रक्रिया करायला आला तेव्हा राझींनी त्याला डोळ्याच्या पडद्यांची संख्या विचारली, ती त्याला सांगता आली नाही आणि त्यांनी त्याला परत पाठवले, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, ती त्यांच्या स्वभावाला शोभते. इ. स. ९२५ मध्ये, जन्मगावी रय येथेच, त्यांचा मृत्यू झाला.

मागे राहिल्या त्या टिपणांच्या चळती. इब्न अल्-अमीद या वजिराने त्या मिळवल्या आणि राझींच्या शिष्यांकडून त्यांची जुळवाजुळव करून घेतली. तोच अल्-हावी हा प्रचंड ग्रंथ. १२७९ साली सिसिलीत फरज बेन सालिम या ज्यू विद्वानाने तो लॅटिनमध्ये आणला आणि १४८६ मध्ये इटलीतील ब्रेशा येथे तो छापला गेला. मूळ अरबी ग्रंथाला छापखाना दिसायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो छापला गेला आपल्या दख्खनमध्ये. हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेने १९५५ पासून त्याचे एकेक खंड काढायला सुरुवात केली आणि तेवीस भागांत तो पुरा केला. डोक्याचे आणि मज्जातंतूंचे विकार त्यात आरंभीच येतात.